तीन नळ्यांतलं रक्त

महाडच्या जनावरांच्या दवाखान्यात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा प्रयोगशाळा म्हणजे एक खोली होती. एक सूक्ष्मदर्शक, पाण्याची टाकी, रॉकेलवर चालणारा फ्रिज आणि खिडकीबाहेर जनावर बांधून तपासायचा लाकडी खोडा. काम बहुतेक शेणाचं. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांत भातखाचरांच्या कडेनं चरणाऱ्या गुरांच्या काळजात, म्हणजे यकृतात, चपटे जंत होतात. त्यांची अंडी शेणात सापडतात. शेण गाळायचं, काचेवर घ्यायचं आणि डोळा लावून बसायचं. बी.एस्सी. होऊन पोरगी शेण चिवडते, असं आमच्या आळीतल्या बायका आईला म्हणायच्या. आई त्यांना चहा द्यायची आणि विषय बदलायची.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून एक संशोधक आले. शेतात फवारणीची औषधं वाढली होती आणि त्यांचा गुरांवर काय परिणाम होतो हे त्यांना बघायचं होतं. येताना त्यांनी एक लाकडी पेटी आणली होती. तिच्यात काचेच्या नळ्या, एक रंगाची बाटली, थंड ठेवायची पांढरी पूड आणि रंगांचे तुकडे बसवलेली गोल चकती. मूळची ही पेटी औषध फवारणाऱ्या मजुरांचं रक्त तपासण्यासाठी केलेली. पण बैलाच्या रक्तावरही ती चालते, असं ते म्हणाले.

त्यांनी मला ती वापरायला शिकवलं. प्राण्याच्या रक्तात एक एन्झाइम असतं, पुस्तकी मराठीत विकर. मज्जातंतूंनी स्नायूंना दिलेला हुकूम पुरा झाला की तो पुसून टाकायचं काम हे एन्झाइम करतं. फवारणीची काही औषधं त्यालाच बंद पाडतात. मग हुकूम पुसला जात नाही, स्नायू थरथरत राहतात, तोंडातून लाळ गळते, शेवटी श्वास अडकतो. पेटीतली तपासणी सोपी होती. नळीत रंगाचं पाणी घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि पुडीचं पाणी घालून नळी कोमट पाण्यात उभी करायची. एन्झाइम जिवंत असेल तर हिरवा रंग पिवळा होतो. बंद पडलं असेल तर हिरवा तसाच राहतो. मधल्या छटा चकतीशी ताडून बघायच्या.

काम संपल्यावर ते पेटी आमच्याकडेच ठेवून गेले. वापर करा, म्हणाले. पुढे बदली होऊन मी मोठ्या प्रयोगशाळेत गेले. तिथे प्रतिद्रव्यांवर, म्हणजे अँटिबॉडीजवर, चालणारी परदेशी किटं आली. तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या पट्टीत इवलेसे खळगे, प्रत्येक खळग्यात एका जनावराचं रक्त आणि यंत्रातून थेट कागदावर आकडा. कुठलं एन्झाइम किती, ते हां हां म्हणता समजायचं. त्या किटांवर मी आयुष्यभर नमुने तपासले आणि त्यांतलं एकही जनावर मला आठवत नाही. लाकडी पेटीतल्या तीन नळ्या मात्र आठवतात.

भाद्रपदाचे दिवस होते. मुंबईचे चाकरमानी गणपतीला गावी आले होते. एक दिवस सकाळी पहिल्या एस.टी.नं एक माणूस दवाखान्यात आला. तिशीतला, अंगात टेरीकॉटचा शर्ट, पायात चिखलानं भरलेले बूट. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचं गाव. तो मुंबईत गिरणीत होता, घरी आईबाप आणि बायको. त्याचा एक बैल रात्रीत मेला होता आणि दुसरा गोठ्यात पडून थरथरत होता.

"डॉक्टर, अर्जंट चला," तो म्हणाला. "तोंडातनं नुसता फेस हाय."

आमचे डॉक्टर घाटावरचे होते. पन्नाशीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी लक्षणं ऐकली आणि कपाटातून ॲट्रोपिनच्या, म्हणजे अशा विषावरच्या उताऱ्याच्या, बाटल्या घेतल्या. निघताना मी त्यांना आठवण केली की रक्त आणायचं झालं तर त्याच गावातल्या एका धडधाकट बैलाचंही आणा. ताडून बघायला काहीतरी लागतं.

दुपारी जीप परत आली. डॉक्टरांच्या पिशवीत तीन छोट्या बाटल्या होत्या. मेलेल्या बैलाचं रक्त, आजारी बैलाचं आणि शेजाऱ्याच्या चांगल्या बैलाचं. आजारी बैलाला सुई दिली होती आणि तो जगेल असं त्यांना वाटत होतं. मेलेल्या बैलाच्या अवयवांचे नमुने रीतीप्रमाणे मुंबईला पाठवायचे, पण त्याचं उत्तर यायला महिने लागायचे. जीपमधून तो चाकरमानीही परत आला होता. त्याला रिपोर्ट हवा होता, आणि तो आजच.

"पोलिसांत देणार हाय," तो व्हरांड्यात उभा राहून सांगत होता. "आमच्याकडं बौद्धवाडीतला एक म्हातारा हाय. काल दुपारी गोठ्याच्या मागं फिरत होता. सगळ्यांनी बघितला. त्यांची जुनीच खोड हाय ही, ढोरांना विष घालायची. बैल मेला तर ओढायला चला म्हणून सांगावा धाडला, तर नाय म्हणाले. बघा आता!"

मी दारातच होते. शिपाई माझ्याकडे बघून खाली बघायला लागला. डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि दार लोटलं.

"बाई, ही तपासणी तुम्ही करू नये असं मला वाटतं."

"का?"

"तुम्हाला माहीत आहे का ते. निकाल काहीही आला तरी तुमच्यावर बोल येईल."

आम्ही बौद्ध होतो. वडील महाडच्या शाळेत मास्तर. दवाखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कधी कोणी बोलत नसे. त्या दिवशी पहिल्यांदा बोलायची वेळ आली. मी म्हटलं, "मग तुम्ही करा, सर. मी बाजूला उभी राहते."

डॉक्टरांनी पेटीकडे बघितलं. संशोधक होते तेव्हा ते लसीकरणाच्या दौऱ्यावर होते, त्यामुळे पेटी त्यांनी कधी उघडली नव्हती. पूड थोडीच उरली होती. चुकली तर परत करता येणार नव्हती.

मग मी बाहेर गेले आणि त्या माणसालाच सांगितलं. "हे बघा, मी बौद्ध आहे. ही तपासणी इथे मला एकटीलाच येते. म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तुम्ही काढा आणि तुमच्या मनानं खुणा करा. कुठली कोणाची, मला सांगू नका."

तो गोंधळला. "तसं काय नाय मॅडम. आम्ही मुंबईला सगळे एका खोलीत राहतो. एकाच मेसचं जेवतो."

"खुणा करा," मी म्हटलं.

तो आणि डॉक्टर आतल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा बाटल्यांवर चिकटपट्टीचे तुकडे होते आणि त्यांवर पेन्सिलीनं काढलेलं एक फूल, एक चांदणी आणि एक काटकोन. मी टेबल व्हरांड्यात आणायला लावलं, म्हणजे सगळ्यांना दिसेल. थर्मासमधलं पाणी कोमट केलं, नळ्यांत रंग घेतला, थेंब टाकले.  

तिन्ही नळ्या सुरुवातीला सारख्याच हिरव्या दिसत होत्या. तो माणूस वाकून बघत होता. थोड्या वेळानं चांदणीच्या नळीचा रंग फिका झाला, मग पोपटी, मग पिकल्या लिंबासारखा पिवळा. फुलाची आणि काटकोनाची नळी हिरवीच. काटकोनाची तर आम्ही अजून थांबलो तरी तसूभर हलली नाही.

"चांदणी कोणाची?" मी विचारलं.

"शेजाऱ्याची," तो म्हणाला. "फूल आमचा आजारी. आणि हा..." त्यानं काटकोनावर बोट ठेवलं. "म्हणजे काय, मॅडम?"

"ज्याचा रंग पिवळा झाला त्याचं रक्त ठीक आहे. तुमच्या दोन्ही बैलांच्या रक्तातलं एन्झाइम बंद पडलंय. फवारणीच्या औषधानं असं होतं."

त्यानं मांडीवर थाप मारली. "म्हणजे विषच! मी बोललो नव्हतो?"

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही.  रंग माझ्यासमोर होता आणि तो बदलणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, "विष अंगात गेलं, एवढंच यातून कळतं. कोणी घातलं, कुठून गेलं, हे रक्त सांगत नाही."

"ते आम्ही सांगू," तो म्हणाला. डॉक्टरांनी आपलं वाक्य अहवालातही घातलं. त्यानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

घरी आल्यावर अण्णांना, म्हणजे वडिलांना सगळं सांगितलं. ते वह्या तपासत होते. त्यांनी ऐकून घेतलं, पेन्सिल खाली ठेवली आणि एक जुनी गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात असाच एक बैल मेला होता. त्यांच्या चुलत्याला खांबाला बांधून ठेवलं होतं. नंतर कळलं की बैलाला साप डसला होता. हे त्यांनी मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

"रंग पिवळा व्हायला हवा होता," ते म्हणाले.

"अण्णा, मी तो पिवळा कसा करणार?"

"तसं नाही गं. हवा होता, एवढंच म्हणतो." आणि त्यांनी पुढची वही उघडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आजारी बैलाला बघायला परत जाणार होते. मी म्हटलं मीही येते, त्याचं रक्त पुन्हा घेऊन सुधारतंय का बघता येईल. कारण खरंच होतं. पण एवढंच कारण असतं तर रक्त डॉक्टरांनीही आणलं असतं.  जीपमध्ये पुढे बसा, एवढंच ते म्हणाले.

त्या गावापर्यंत जीप जात नसे. शेवटची चढण चालत. पाऊस थांबला होता, बांधांवर तेरडा फुलला होता आणि घराघरातून आरत्यांचे आवाज येत होते. त्या माणसाचं घर मोठं नव्हतं. पुढे अंगण, कडेला गोठा. अंगणात पाचसहा माणसं उभी होती. ओट्यावर घरधनी, म्हणजे चाकरमान्याचा बाप, मांडीवर हात टाकून बसला होता. त्याच्या शेजारी पोलीसपाटील. आणि अंगणाच्या कडेला, पागोळीच्या बाहेर, एक म्हातारा उकिडवा बसला होता. अंगात स्वच्छ सदरा, डोक्याला पांढरी टोपी. तो कोण हे सांगावं लागलं नाही.

चाकरमान्यानं आमच्याकडे हात केला. "ह्या बघा मॅडम. ह्यांनीच टेस्ट केली. विष हाय म्हणून निघालं. आता बोल म्हाताऱ्या."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मीही बौद्ध आहे हे त्यानं ओळखलं, पण कशावरून ओळखणार. मग तो घरधन्याकडे वळून बोलला, आवाज न चढवता.

"माजी शेळी सुटली होती, ती बघायला मागं गेलो. ते मी सांगितलं. आता दुसरं सांगतो. आमी धर्म घेतला तवापासून मेल्या ढोराला हात लावला नाय. कातडं नको, मटण नको. मग तुमचा बैल मारून आमाला काय मिळणार? उलट तुमीच ओढून न्या म्हणून सांगावा धाडलात. आमी नाय म्हटलं. राग त्याचा हाय, बैलाचा नाय."

 पोलीसपाटील म्हणाला, "ते सगळं पोलादपूरला सांग. डॉक्टर, तुमचं होऊ द्या, मग आम्ही निघतो."

म्हणजे त्याला ठाण्यावर न्यायचं ठरलंच होतं. आम्ही गोठ्यात गेलो. बैल उठून उभा राहिला होता, मान खाली, पण उभा. डॉक्टरांनी त्याचे डोळे बघितले, पाठीवरून हात फिरवला, छाती ऐकली. मी मानेतून रक्त घेतलं. हात धुवायला गरम पाणी मागितलं तेव्हा घरातल्या सुनेनं मागच्या पडवीत बोलावलं. चाकरमान्याची बायको. विशीबाविशीची असेल. चेहरा ओढलेला, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं चुलीच्या धुरानं.

तिनं माझ्या हातांवर पाणी घातलं. 

"ताई," ती हळूच म्हणाली, "त्या काचेत दिसतं काय, कोणी विष घातलं ते?"

"नाही. अंगात गेलंय एवढंच दिसतं."

"खाल्ल्यावरच जातं?" तिनं मागे वळून बघितलं. "का कातडीवरनं पण जातं?"

मी पाण्याखालचे हात तसेच ठेवले. "कातडीवरनंही जातं," मी म्हटलं. "का?"

ती खाली बसली. तिनं सांगितलं ते असं. बैलांना गोचिडी फार झाल्या होत्या. गणपतीत घरी पाहुणे येत होते, नवरा आला होता, गोठ्यात ते बघवत नव्हतं. तिच्या माहेरी बाया भाताच्या औषधाचे चार थेंब बादलीभर पाण्यात घालून बैलांना पुसतात, गोचिडी गळून पडतात. माळ्यावर फवारणीची उरलेली बाटली होती. तिनं फडकं भिजवून दोन्ही बैलांना चोळलं. थोरल्या बैलाच्या मानेला जू लागून जखमा होत्या, गोचिडी तिथेच जास्त, म्हणून तिथे जास्त चोळलं. माहेरची बाटली वेगळी असेल, हे तिला कळलं नाही. संध्याकाळी बैल लाळ गाळायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं. रात्री तो मेला. तेव्हापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"आणि तुमचं काय?" मी विचारलं. "हातानंच चोळलंत?"

"त्या रातीपासनं उलट्या होतायत. डोकं नुसतं फुटतंय. सासूबाईंना वाटतं गोड बातमी हाय." ती किंचित हसली आणि मग रडायला लागली.

मी तिचे डोळे बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "मी बाहेर कोणाला सांगणार नाही. ते तुम्ही ठरवा. पण तुम्ही आजारी आहात आणि ते मात्र मला डॉक्टरांना सांगावं लागेल. आज महाडला यायला पाहिजे."

"तो म्हातारा?" ती म्हणाली.

"त्याला ठाण्यावर नेतायत."

 मग तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली आणि घरातून सरळ पुढच्या अंगणात गेली. मी तिच्या मागे गेले. इतक्या पुरुषांपुढे ती एरवी आली नसती. ओट्याच्या कडेला उभी राहून ती सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, मीच लावलं. गोचिडांसाठी. भाताचं औषध."

चाकरमानी म्हणाला, "काय बोलतेस? आत हो." तो तिच्याकडे निघाला.

"थांब रे," सासरा म्हणाला. तो ओट्यावरून उतरला. "किती लावलंस?"

"फडकं भिजवून. थोरल्याला जास्त."

डॉक्टर गोठ्याच्या दारातून म्हणाले, "याच्या अंगावर मेलेल्या गोचिडी आहेत. आत्ताच माझ्या हाताला लागल्या." 

सासरा परत जाऊन बसला.  पोलीसपाटलानं घसा साफ केला आणि आपली छत्री शोधायला लागला. बौद्धवाडीतला म्हातारा उठला. पायांना मुंग्या आल्या असाव्यात, थोडा वेळ कुडाला धरून उभा राहिला. त्याला जा असं कोणी म्हणालं नाही आणि थांब असंही नाही. जाताना तो सुनेकडे बघून म्हणाला, "पोरी, दवाखान्यात जा. तुझा रंग बरा दिसत नाय." आणि बांधावरून खाली आपल्या वाडीकडे गेला.

तिला घेऊन आम्ही निघालो. तिचा नवरा बरोबर आला. चढण उतरताना तिचे पाय लटपटत होते म्हणून त्यानं तिला धरलं, आधी मनगटाला आणि मग खांद्याला.  पोलादपूरला त्यानं जीप थांबवायला सांगितली आणि दुकानातून सोड्याची बाटली आणली. तिला एक घोटही गेला नाही. बाटली तशीच त्याच्या हातात राहिली.

महाडला सरकारी दवाखान्यात जायच्या आधी तो म्हणाला, "मॅडम, हिचं पण बघा ना. पेटीत." डॉक्टर म्हणाले, वेळ घालवू नका, आधी दवाखाना. तसंच केलं. तिथल्या डॉक्टरांनी लगेच सुई दिली. मी तिच्या बोटातून दोन थेंब घेऊन आमच्याकडे आले. उरलेल्या पुडीत ते एकदाच होणार होतं. तिचा रंग हिरव्याकडून निघाला आणि मध्येच थांबला, ना हिरवा ना पिवळा. चकतीवर बघितलं तर निम्म्याच्या आसपास. मी ते लिहून दवाखान्यात नेऊन दिलं. त्या डॉक्टरांनी कागद वाचला, मान हलवली आणि तिच्या उशीखाली ठेवला. काही दिवसांनी तिला घरी सोडलं. बैलही वाचला. पूड संपल्यामुळे त्याचं दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त तपासायचं राहूनच गेलं.

ती दवाखान्यात असताना एक दिवस तिचा नवरा आमच्याकडे आला. व्हरांड्यात घुटमळला. शेवटी म्हणाला, "मॅडम, मी गरम झालो होतो. बोलून गेलो."

मी म्हटलं, "तुम्ही मला काही बोलला नाहीत. ज्यांना बोललात त्यांची वाडी तुमच्या घराखालीच आहे."

"व्हय," तो म्हणाला आणि उगाच खोड्याच्या लाकडावरून हात फिरवत राहिला. मग सुट्टी संपली आणि तो मुंबईला गेला. वाडीत तो गेला की नाही हे मला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते मार्चमध्ये. मार्चमध्ये दर वर्षी तळ्याच्या सत्याग्रहाच्या आठवणीला गावोगावची आपली माणसं महाडला येतात आणि आमचा ओटा भरून जातो. त्या वर्षी त्या गावचेही लोक आले आणि त्यांच्यात तो म्हातारा होता. अण्णांनी त्याला आत बसवलं. आईनं भाकरी वाढली. मी त्याला विचारलं.

"नाय आला," तो म्हणाला. "बाप आला होता. कापणीला माणसं पाठवा म्हणाला. दुसरं काय बोलला नाय. आमी म्हटलं, यंदा नाय जमायचं. त्यानं खालच्या गावातनं माणसं आणली."

"आणि पुढच्या वर्षी?" अण्णांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी जाऊ. पोटाला जावं लागतं." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "तुमच्या पेटीनं मला वाचवलं म्हणून लोक सांगतात, बाय. मी त्यांना सांगतो, पेटीनं तर विष म्हणून सांगितलं. वाचवलं त्या पोरीनं. तिला सासरी किती ऐकावं लागलं ते मला माहीत हाय. आमची घरं जवळ हायत, आवाज येतो."

 अण्णांनी आपल्या ताटातली भाकरी त्याच्याकडे सरकवली.

त्यानंतर डॉक्टरांनी गावोगावी बैठका सुरू केल्या. गोचिडांना काय लावायचं, काय नाही, किती पाण्यात. बायांशी बोलायला मला नेत. पुरुष मागे बसून विड्या ओढत आणि बाया प्रश्न विचारत. अनेकींनी फवारणीचं औषध वापरलं होतं आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या बैलांना काही झालं नव्हतं. त्यांना पटवणं सोपं नव्हतं. पेटी दाखवायला मी नेत असे, पण पूड नसल्यामुळे ती नुसतीच दाखवायची. नवी पूड मागवली होती. ती माझी बदली होईपर्यंत आली नाही.

त्या सुनेला मी पुन्हा एकदाच भेटले. महाडच्या एस.टी. स्टँडवर. कडेवर मूल होतं आणि पायाशी दोन बोचकी. मुंबईला नवऱ्याकडे राहायला निघाली होती. गिरण्यांचा संप झाल्यावर त्याची नोकरी गेली होती. आता तो कुठेतरी रखवालदार होता आणि खोली मिळाली होती. तिनं मला आधी ओळखलं.

"ताई, बैल विकला," ती म्हणाली. "मामंजी एकट्यानं एका बैलावर काय करणार."

मी मुलाचं नाव विचारलं, तब्येत विचारली. ती म्हणाली सगळं बरं आहे. मग मुलाला दुसऱ्या कडेवर घेऊन तिनं आपला मोकळा हात नाकाशी नेला. "अजून त्या औषधाचा वास येतो असं वाटतं मला. साबण लावला तरी. ह्यांना नाय येत. म्हणतात, तुझ्या डोक्यात हाय."

"वास राहत नाही इतके दिवस," मी म्हटलं.

"मला माहीत हाय," ती म्हणाली.

मुंबईची गाडी फलाटाला लागली. गर्दी नव्हती. तिला खिडकीजवळची जागा मिळाली आणि मुलानं लगेच गजाला धरून बाहेर बघायला सुरुवात केली.